विमा आला, पण अंगावर काढायची सवय जाईना

कोरी_पाटी

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला आयुष्यातला पहिला आरोग्य विमा मिळाला. सोळा वर्षं फुटकळ कामं करून पोट भरलं. आता एके ठिकाणी नोकरी लागली आणि पाठोपाठ हे कार्ड आलं. पाकिटात ठेवलंय. दिवसातून दोनदा काढून बघते, शाळेत नवीन कंपासपेटी बघायचे तसं.

आनंद होईल असं वाटलं होतं. झालाही, पण त्याच रात्री भलतंच सुरू झालं. इतकी वर्षं 'नंतर बघू' म्हणून मागे सारलेली सगळी दुखणी एकेक करून रांगेत येऊन उभी राहिली. डावा गुडघा. खालची एक दाढ, जी मी चार वर्षं दुसऱ्या बाजूने चावून सांभाळली. पाठीवरचा एक तीळ, जो पूर्वी एवढा होता की नाही हे आठवत नाही. सकाळी उठून फोन लावायला हवा होता. नाही लावला. आज दोन महिने होत आले.

पैसे नाहीत म्हणून डॉक्टरकडे जात नाही, असं मी स्वतःला आणि सगळ्यांना सांगत आले. खोटं नव्हतं ते. पण आता ते कारण उरलं नाही तेव्हा कळतंय की ते किती सोयीचं होतं. त्याच्यामागे साधी भीती लपली होती.

तुम्हाला मोठेपणी पहिल्यांदा विमा मिळाला तेव्हा आतून काय वाटलं? कोणती पॉलिसी चांगली, यावर भरपूर धागे आहेत. इथे ते नको, कृपया.

तिरपागडा

अभिनंदन! कंपनी कोणती? हप्ता किती बसतो?

कोरी_पाटी

शेवटचं वाक्य वाचलंत का हो?

रातपाळी

मी नर्स आहे. बराच काळ तातडीच्या विभागात काढलाय. विमा नसलेला माणूस आत आला की पहिला प्रश्न 'मला काय झालंय' हा नसतो, 'किती होतील' हा असतो. छातीवर हात धरून विचारतात. एकजण स्ट्रेचरवरून उठून बसले होते, म्हणे थोडं बरं वाटतंय, जातो घरी. बरं वाटत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

नव्याने विमा मिळालेली माणसंही मी ओळखते. ती कार्ड हातातच धरून असतात. काउंटरवर देऊन झालं, परत मिळालं, तरी खिशात ठेवत नाहीत. आणि बोलताना उगाचच माफी मागतात. 'जरासंच दुखतंय, उगाच तुमचा वेळ घेतला.' अंगावर काढलेल्या वर्षांची सवय असते ती. कोरी_पाटीताई, तिळाचं मात्र लांबवू नका. आकार बदललाय अशी शंका आहे ना, मग दाखवून या.

शंकासुर

थोडं वाकडं बोलतो, राग मानू नये.

विमा हा असा जुगार आहे की ज्यात तुम्ही आजारी पडलात तरच जिंकता. सरासरी काढली तर विमा घेणाऱ्यांच्या हातात भरल्यापेक्षा कमीच परत येतं, नाहीतर कंपनीचा खर्च आणि नफा निघणार कुठून? आणि विम्याने तब्येत सुधारते म्हणावं तर अमेरिकेत रँड संस्थेने १९७०च्या दशकात मोठा प्रयोग केला होता. काही कुटुंबांना उपचार पूर्ण फुकट, काहींना खर्चाचा कमीअधिक वाटा स्वतः भरायचा. फुकटवाल्यांनी उपचार भरपूर वापरले. पण सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. मग हा सगळा आनंद नेमका कशाचा?

समास

शंकासुर, प्रयोग बरोबर सांगितलात, पण त्याचं शेपूट तोडलंत. त्याच प्रयोगात गरीब आणि ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त होता अशा लोकांना फुकट उपचारांचा फायदा दिसला होता. सरासरीत ते बुडून जातात. शिवाय त्या प्रयोगात विमा अजिबात नाही असा गटच नव्हता. सर्वात कमी संरक्षण असलेल्यांनाही मोठ्या खर्चाच्या वर झाकण होतंच.

धागाकर्तीचा प्रश्न आहे 'मिळाल्यावर काय वाटतं', आणि त्याला थेट भिडणारा प्रयोग दुसराच आहे, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा. २००८ साली त्या राज्याकडे अल्प उत्पन्नाच्या प्रौढांसाठीच्या सरकारी विम्यात थोड्याच जागा होत्या. नावं आली नव्वद हजारांच्या आसपास. मग त्यांनी चक्क सोडत काढली. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना अर्ज करता आला, बाकीचे राहिले.

संशोधकांच्या दृष्टीने ही पर्वणी होती. एरवी विमा असलेले आणि नसलेले यांची तुलना करून काही कळत नाही, कारण अनेकदा ज्याला दुखणं ठाऊक असतं तोच विम्यामागे धावतो. इथे फरक फक्त नशिबाचा. एमी फिंकेलस्टीन आणि कॅथरीन बायकर यांच्या गटाने या लोकांचा पाठपुरावा केला. सोडतीनंतर साधारण दोन वर्षांनी काय दिसलं हे सांगणाऱ्या, २०१३ साली आलेल्या निबंधात रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखरेचं नियंत्रण यांत ठोस म्हणता येईल असा फरक नव्हता. (शंकासुर, हे तुमच्या पारड्यात घ्या.) पण नैराश्याचं प्रमाण दर शंभर जणांमागे सुमारे नऊने उतरलं होतं. उपचारांसाठी उसने पैसे घेणं किंवा दुसरी बिलं थकवणं निम्म्याहून कमी झालं. उत्पन्नाचा मोठा लचका तोडणारा खर्च जवळपास नाहीसा झाला.

आणि त्याआधीच्या पाहणीतली गंमत अशी: 'तुमची तब्येत कशी आहे' या प्रश्नाला लोक जे चांगलं उत्तर द्यायला लागले, त्यातली जवळपास दोन तृतीयांश सुधारणा विमा मंजूर झाल्यावर महिन्याभरातच दिसली होती. म्हणजे डॉक्टरकडे जाणं वाढायच्याही आधी!

शंकासुर

हाहा, म्हणजे औषध नाही, ताईत! दंडाला बांधला की बरं वाटतं.

समास

म्हणा ताईत. पण ताईत बांधल्यावर सावकाराची चिठ्ठी थांबत नाही. इथे थांबली.

शिवाय रक्तदाबाच्या आकड्यांवरून फार उड्या मारू नका. चिठ्ठी निघालेल्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा प्रत्यक्ष विम्यात आला. इतक्या कमी लोकांत, तेही दोन वर्षांत, बारीक सुधारणा असली तरी पकडता येत नाही. पुढे एक फार मोठा प्रयोग झाला, तोही अपघाताने. अमेरिकेच्या करखात्याने विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्या ४५ लाख कुटुंबांना 'तुम्ही विमा घेऊ शकता' असं पत्र धाडायचं ठरवलं. पैसे कमी पडले म्हणून ३९ लाखांनाच धाडली, उरलेली सहा लाख यादृच्छिक पद्धतीने वगळली. नंतर हिशेब मांडला, तर ४५ ते ६४ या वयोगटात पत्र मिळालेल्या दर १,६४८ जणांमागे दोन वर्षांत एक मृत्यू कमी होता. साध्या पत्राने. तो निबंध २०२१चा आहे.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. वाचतो. (पण ताईत शब्द मागे घेत नाही.)

उसवण

सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू.

आम्हाला विमा मिळाला तेव्हा मीही कोरी_पाटीसारखीच होते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. नवऱ्याला म्हटलं, आता झोप लागेल. अकराव्या महिन्यात त्यांची पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि क्लेम फेटाळला गेला. कारण काय, तर अर्जात जुनी पाठदुखी लिहिली नव्हती. अर्ज भरून घेणारा माणूस म्हणाला होता, 'एवढं तेवढं लिहायची गरज नसते, उगाच अडकतं.' आम्ही सही केली. अडकलं ते असं.

पैसे गेले, ते हळूहळू फिटतील. पण विमा नव्हता तेव्हा माझी भीती साधी होती: पैसे नाहीत. कुणावर रागवायचा प्रश्नच नव्हता. आता पैसे भरूनही पैसे नाहीत, आणि राग मात्र आहे. तो अर्ध्या रात्री उठवतो. नवरा म्हणतो विसर. त्याची पाठ बरी झाली, माझं काय झालं ते मला नीट सांगताही येत नाही.

कोरी_पाटी

उसवण, वाचून पोटात कालवलं. मी माझा अर्ज न वाचताच सही केलीय, हे आत्ता आठवलं.

खर्डा

मी बरीच वर्षं क्लेम तपासायचं काम केलंय, आता निवृत्त. म्हणजे या गोष्टीतला खलनायकच म्हणा. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उसवणताई, नकार कलमाच्या क्रमांकासकट लेखी मागितलात का? बहुतेक लोक पहिल्या नकारावरच मान टाकतात. तिथे संपत नसतं. आधी कंपनीच्या अंतर्गत तक्रार विभागाकडे अर्ज, मग तिथली नियामक संस्था किंवा लोकपाल असेल तर त्याच्याकडे. मुदती असतात, त्या चुकवू नका. जुन्या दुखण्याचा आणि आत्ताच्या शस्त्रक्रियेचा संबंध नाही, असं उपचार करणारे डॉक्टर लिहून देत असतील तर ते पत्र फार वजनदार ठरतं. मी स्वतः असे नकार फिरलेले पाहिलेत. सगळे फिरतात असं नाही.

नव्या लोकांना एकच कळकळीने सांगतो, अर्ज दुसऱ्याला भरू देऊ नका. जी गोष्ट लिहायला लाज वाटते किंवा क्षुल्लक वाटते, तीच आधी लिहा. हप्ता वाढेल, काही काळ ते दुखणं वगळतील, पण नंतर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

आणि शब्दांची भीती बाळगू नका, कारण ते कुणालाच कळत नाहीत. अमेरिकेत विमा असलेल्या प्रौढांना चार साधे शब्द विचारले होते: डिडक्टिबल, को-पे, को-इन्शुरन्स आणि खिशातून जाणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा. चारही बरोबर सांगणारे १४ टक्के निघाले. २०१३ सालचा निबंध आहे.

सोप्यात सोपं असं: बिल शंभर धरा. डिडक्टिबल वीस असेल तर पहिले वीस तुमचे. उरले ऐंशी. त्यात को-इन्शुरन्स दहा टक्के असेल तर आणखी आठ तुमचे. झाले अठ्ठावीस. को-पे म्हणजे दर भेटीला ठरलेली रक्कम, बिल कितीही असो. (काही ठिकाणी को-इन्शुरन्सलाच को-पे म्हणतात, तेव्हा आपल्या कागदात काय अर्थ दिलाय तो बघा.) आणि कमाल मर्यादा म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून याहून जास्त जाणार नाही तो आकडा. माझ्या मते सगळ्यात आधी शोधावा तो हाच आकडा. आणि तो तुमच्या कागदात कुठेच नसेल, तर 'विमा आहे' या वाक्यावर फार विसंबू नका.

उसवण

लेखी नकार आहे. कलम बघितलं नव्हतं. आत्ता काढला कागद. खर्डाकाका, तुम्हाला वैयक्तिक निरोप पाठवला तर चालेल का?

खर्डा

पाठवा. नावं, नंबर झाकून पाठवा.

मध्यलय

माझा प्रश्न उलटाच आहे. मला विमा मिळून तीन वर्षं झाली आणि त्याच विम्याने मला बांधून ठेवलंय. बायकोचं औषध महिन्याच्या महिन्याला लागतं, जन्मभराचं आहे. नोकरीतल्या विम्यातून ते जातं. नोकरी मला आवडत नाही हे फार सौम्य झालं. दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा औषधाच्या डब्याकडे बघून खोडला.

गंमत म्हणजे विमा मिळाला त्या दिवशी आम्ही दोघं खरोखर रडलो होतो. तो दिवस खोटा नव्हता. फक्त त्या दिवशी कुणी सांगितलं नाही की आता साहेबाशी भांडायची सोय संपली.

समास

याला अर्थशास्त्रात 'जॉब लॉक' असं नावच आहे. विमा नोकरीला चिकटला, हीसुद्धा एक ऐतिहासिक आडवाट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पगारवाढीवर सरकारी लगाम होता. कामगार मिळेनात, पगार वाढवता येईना, मग मालकांनी विम्याचं गाजर पुढे केलं, कारण ते पगारात धरलं जात नव्हतं. युद्ध संपलं, गाजर राहिलं. तसं कामगारांच्या आजारपणाचा विमा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ सालीच आला होता. आणि त्यात सुरुवातीला डॉक्टरच्या बिलापेक्षा बुडालेल्या मजुरीची भरपाईच जास्त असायची. आजारी माणसाची पहिली काळजी कोणती, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

रातपाळी

मध्यलय, 'औषधाच्या डब्याकडे बघून खोडला' हे वाचून थांबले.

तगर

मी फार कधी लिहीत नाही इथे.

माझ्या विम्यात मी, नवरा आणि मुलगी. आई नाही. वय बसत नाही. वेगळा घ्यायचा तर तिच्या वयाला आणि तिच्या आजारांसकट जो हप्ता सांगतात, तो झेपत नाही. आई आमच्याबरोबरच राहते. परवा मुलीला ताप आला तर मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, मनात काही आलंसुद्धा नाही. आईला आठवडाभर खोकला होता. ती म्हणाली, 'माझं राहू दे, तुझं ते कार्ड मला चालत नाही ना.' सहज म्हणाली, टोमणा नव्हता. एका घरात दोन प्रकारची माणसं झाली आहेत, असं मला वाटतं. खोकला दाखवून आणला, साधाच होता. पण ते वाक्य जात नाही.

चुकामूक

तगर, 🙏

मी जरा हलकं लिहितो. मी 'वसूल' टोळीतला. विमा मिळाला, त्यात वर्षाला एक पूर्ण तपासणी फुकट. सोडतो कशाला? काहीही होत नसताना जाऊन सगळ्या नळ्या भरून रक्त दिलं. एक आकडा किंचित वर आला. मग त्याच्यासाठी दुसरी तपासणी, तिच्यात आणखी एक ठिपका, त्याच्यासाठी स्कॅन. सहा महिने मी मनातल्या मनात मृत्युपत्र लिहीत होतो. शेवटी निघालं काय, तर काही नाही. जन्मापासून आहे तो ठिपका. फुकट तपासणी मला वजनाच्या सहा किलोंना पडली.

शंकासुर

बघा! ऑरेगनवाल्यांचंही तेच ना, समास? तातडीच्या विभागातली गर्दी वाढली असं वाचलंय.

समास

हो. पहिल्या दीड वर्षात तातडीच्या विभागातल्या भेटी सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. उलट होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. पण सगळ्याला 'वसुली' म्हणू नका. ५ जुलै १९४८ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा चष्मे आणि कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की सगळे अंदाज कोलमडले. तीन वर्षांत त्यांवर शुल्क लावायची वेळ आली आणि त्यावरून ॲन्युरिन बेव्हन या मंत्र्याने राजीनामाही दिला. आता सांगा, कवळी कुणी हौसेने बसवतं का? ती माणसं कित्येक वर्षं नीट चावत नव्हती, नीट वाचत नव्हती. 'नंतर बघू'ची थकबाकी होती ती.

चुकामूक

थकबाकी हा शब्द आवडला. माझी मात्र उधळपट्टीच होती, कबूल.

तिरपागडा

माझ्या मेहुण्याचं उलटं. पॉलिसी घेऊन सात वर्षं झाली, एकदाही वापरली नाही. क्लेम नसला की दरवर्षी बोनस वाढतो म्हणे. मध्ये हात मोडला तर प्लास्टरचे पैसे स्वतः भरले. बोनस जाईल म्हणून! आम्ही त्याला छत्री भिजू नये म्हणून पावसात भिजणारा म्हणतो.

रातपाळी

तिरपागडा, या धाग्यावरचा तुमचा पहिला कामाचा प्रतिसाद 😄

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला.

आधी अर्ज मागवून घेतला आणि वाचला. खर्डाकाकांनी म्हटल्याप्रमाणे एक जुनी गोष्ट राहिली होती, ती कळवली. उत्तर अजून आलेलं नाही. ते आल्याशिवाय छातीतली धडधड जायची नाही. दोन महिने मी ज्या कार्डाकडे कौतुकाने बघत होते ते आता जरा परकं वाटतंय. कदाचित तेच बरं.

मग रातपाळीताईंच्या भीतीने तीळ दाखवला. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, फोटो काढला, म्हणाल्या साधा आहे, वर्षाने पुन्हा दाखवा. आत होते मोजून सात मिनिटं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला उठताच येईना. पाय थरथरत होते. त्या सात मिनिटांना मी किती वर्षं घाबरत होते कोण जाणे.

दाढेचं ऐका आता. मोठ्या रुबाबात कार्ड पुढे केलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दातांचं यात येत नाही. चार वर्षं जी दाढ सांभाळली, जिच्यासाठी म्हणून मनातल्या मनात विम्याची वाट बघितली, नेमकी तीच बाहेर! मला हसूच आलं. तिला वाटलं मी भांडणार. पण तिथवर गेलेच होते, तेव्हा स्वतःच्या पैशांनी काढून टाकली. आता दोन्ही बाजूंनी चावता येतं. सवय नाही म्हणून गाल चावला जातो.

उसवण, तुझ्या अर्जाचं पुढे काय झालं ते इथेच लिही, आम्ही सगळे थांबलोय.

गुडघ्यासाठी गुरुवारची वेळ घेतलीय. आणि वेळ घेतल्यापासून तो दुखायचाच थांबलाय.